धाकटीचा वाफा

“पाइप असणारच,” ओठांत धरलेली टाचणी काढून थोरली म्हणाली. “त्याशिवाय ऐन उन्हाळ्यात टोमॅटो असे लगडतात होय?”

नवरा दारात बसून सायकलच्या ट्यूबला ठिगळ लावत होता. त्याने मानही वर केली नाही. “तिच्या हाताला गुण आहे, असं सगळेच म्हणतात.”

“सगळ्यांचं काय जातंय म्हणायला!”

हे ‘सगळे’ थोरलीच्या डोक्यात जायचे. धाकटा दीर धरणाचा राखणदार, म्हणून धाकटी जाऊ पायथ्याच्या खोल्यांत राहायची. धरण कसलं, आजेसासऱ्यांच्या काळातला मातीचा बांध तो, वरच्या अंगाला दगड रचलेले आणि एका टोकाला गंजकी झडप. बांधामागे गावाचं पाणी आणि पुढे, उतार संपतो तिथे, धाकटीचा वाफा. थोरलीच्या शिलाई मशीनसमोरच्या खिडकीतून तो नेमका दिसायचा. तिने मशीन भिंतीकडे फिरवून घेतलं, तरी मान वळायची ती वळायचीच. स्वतःच्या अंगणात तिने काय करायचं बाकी ठेवलं होतं? खत घातलं, माती बदलली, तासन्‌तास उकिडवं बसून तण उपटलं. उगवल्या त्या चार मरतुकड्या मिरच्या. आणि वर धाकटी टोपली पाठवणार, “ताई, जास्तच आलेत हो.” त्या ‘जास्तच’ने थोरलीची रात्र नासायची. धाकटी स्वभावाने वाईट असती तर किती बरं झालं असतं. निदान उघड भांडता तरी आलं असतं.

जळणाऱ्या माणसाची नजर मोठी बारीक असते. धाकटी वाफ्याला पाणी घालतच नाही, हे थोरलीने टिपलं होतं. बादली नाही, झारी नाही, तरी माती सदा ओली. म्हणजे झडपेपासून मातीखालून चोरून पाइप आणलाय, आणि दिराचं त्याला अंग आहे. गावाला पाणी एक दिवसाआड आणि यांच्या टोमॅटोंना रोज आंघोळ!

ती पाणीखात्याच्या कचेरीत जाऊन थडकली. तिथल्या इंजिनीअर बाईंचे कपडे तीच शिवायची.

“पाणी चोरतायत, बाई. माझं नाव कुठे घेऊ नका, पण येऊन बघा एकदा.”

“ओलं नेमकं कुठे असतं?”

“वाफ्याच्या वरच्या कडेला, बांधाला लागून. हल्ली डबकंच साचतं. रंगही कसा, चहासारखा.”

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. “चहासारखा? चला, आत्ताच जाऊ.”

थोरलीला वाटलं, काम फत्ते झालं.

दोन मजुरांनी वाफ्याची कड खणायला घेतली, तेव्हा सगळी आळी जमली होती. थोरली मागे, दुसऱ्यांच्या खांद्याआड उभी राहिली. पाइप निघाला नाही. खड्ड्याच्या तळातून पाणी मात्र उकळी फुटल्यासारखं वर येऊ लागलं. बाईंनी ते काचेच्या पेल्यात धरलं. थोड्या वेळाने पेल्याच्या बुडाशी मातीचा थर बसला.

“ही चोरी नाही,” त्या म्हणाल्या. “बांध पाझरतोय. स्वच्छ पाणी असतं तर नजर ठेवून भागलं असतं. पण हे आतली माती घेऊन बाहेर पडतंय. बांध आतून पोखरला जातोय.” मग दिराकडे वळून विचारलं, “तुम्ही पायथा रोज बघत नव्हता?”

दिराने मान खाली घातली. “सगळा बघत होतो. एवढा वाफा सोडून. हिची भाजी होती ना, बाई. पाणी घातलं असणार, म्हणून ओलं असणार, असं धरून चाललो.”

धाकटी आपल्या हातांकडे बघत होती.

त्याच दिवशी झडप उघडून पाणी उतरवायला सुरुवात झाली. पायथ्याच्या घरांतल्या माणसांना वरच्या शाळेत हलवलं. पाणी निघावं पण माती अडावी म्हणून वाफ्यावर आधी वाळू आणि मग खडी ओतली. दिराची राखणदारी गेली. तो वाफा उजाड व्हावा असं थोरलीच्या मनात कितीदा आलं होतं! आता तो डोळ्यांदेखत गाडला गेला आणि तिला धड बघवेना.

त्यात बाईंनी चारचौघांत सांगून टाकलं, “यांनी वेळेवर कळवलं म्हणून खालची घरं वाचली.” लोकांनी थोरलीला डोक्यावर घेतलं. काय नजर आहे थोरलीची, असं आता सगळेच म्हणू लागले.

दोन दिवसांनी धाकटी टोपली घेऊन दारात उभी राहिली.

“खडी टाकायच्या आधी तोडून घेतले,” ती म्हणाली. “शेवटचे.”

“बस ना जरा.”

“ते लोक पाइप शोधायला आले होते, हे कळलंय मला, ताई.”

थोरलीने टोपलीकडे पुढे केलेला हात मागे घेतला. धाकटीचा आवाज मात्र चढला नव्हता.

“माझी पोरं तिथेच झोपायची, बांधाखाली. तेव्हा तुमच्याशी भांडू की तुमचे आभार मानू, तेच समजेनासं झालंय. पण खरं सांगू? वाईट वेगळ्याचंच वाटतंय. माझ्या हाताला काही नव्हतंच. सगळी त्या गळक्या बांधाची करणी.”

हेच तर ऐकायला थोरलीचे कान इतकी वर्षं आसुसले होते. तेही खुद्द धाकटीच्या तोंडून. पण ते ऐकून आनंद म्हणून झाला नाही.

“असं नको बोलूस,” ती कशीबशी म्हणाली. “ओल तर पार बांधाच्या टोकापर्यंत होती. तिकडे नुसतं गवत माजलं. टोमॅटो तुझ्याच वाफ्यात आले.”

हे खरं होतं की नाही, तिचं तिलाच माहीत नव्हतं. धाकटी किंचित हसली, टोपली उंबऱ्यावर ठेवून शाळेच्या चढाला लागली. तिची ती ताठ चाल बघूनही थोरलीच्या मनात जुनी कळ उठलीच.

ती गेल्यावर थोरलीने मशीन पुन्हा खिडकीकडे फिरवलं. समोर खडीचा पांढरा ढीग होता. तिने टोपलीतला सगळ्यात पिकलेला टोमॅटो चिरला आणि त्याच्या बिया अस्तराच्या उरलेल्या तुकड्यावर वाळत घातल्या. अंगणात जागा होती. पेरायला मात्र धाकटीलाच बोलवावं लागणार होतं.