चढावरचा वायपर

कचरूनं यांचा उजवा हात शिकंज्यात घातला, तेव्हा माझं चार महिन्यांचं बाळ झोळीत दूध पिऊन हसत होतं.

लोखंड कापताना हलू नये म्हणून आमच्या गॅरेजात यांनी तो शिकंजा टेबलाला ठोकला होता. आता त्याचा दांडा कचरूच्या हातात होता. त्याचे मालक काकासाहेब, मंठ्याचे सरकीचे व्यापारी, माझ्या नवऱ्याची मान टेबलावर दाबून उभे होते. त्यांच्या धोतराला रक्त लागलं होतं, ते त्यांच्या धाकट्या भावाचं, बद्रीचं.

"बद्रीचा पाय कापून राह्यलेत दवाखान्यात!" काकासाहेब ओरडले. "त्यो गाडी चालवून राह्यला व्हता, ऐन चढावर वायपर बंद पडला. पावसात काय दिसंना. समोरच्या बैलगाडीचं जू दार फोडून मांडीत घुसलं. आन् तू म्हन्तो दुरुस्त केला?"

"दुरुस्तच हाय, काकासाहेब. मी तुमाला सांगितलं व्हतं..."

"आवळ रे!"

कचरूनं दांडा फिरवला. यांच्या तोंडून असा आवाज निघाला, की बाळ दचकून रडायला लागलं. माझ्या छातीतून दूध झरलं आणि चोळी भिजली. त्याला उचलायला मी वाकले, पण हात झोळीकडे गेलाच नाही.

मी बाहेर धावले.

काकासाहेबांची तीच पिकअप दारात उभी होती, लष्कराच्या लिलावातली. दार फाटलेलं, काच मात्र शाबूत. आठ दिवसांपूर्वी यांनी तिच्या वायपरची सडलेली रबरी नळी बदलली, आतला चामड्याचा पडदा नवीन कातरून बसवला. तेव्हा बाळाला मांडीवर घेऊन मीच आत बसले होते. हे बाहेरून सांगायचे, "दाब," की मी एक्सलेटर दाबायचे. "सोड," की सोडायचे. ह्या वायपरला बिजली नव्हती. इंजन नळीतून हवा ओढतं, त्या ओढीवर चालायचा तो; एक्सलेटर दाबला की ओढ कमी.

गियर मोकळा करून मी सेल्फ दाबला. इंजन धडधडलं. भाद्रपदातला पाऊस काचेवर आपटत होता, वायपर खसाखसा पुसू लागला.

"बघा!" मी किंचाळले. "चालू हाय!"

काकासाहेब दाराशी आले. मी एक्सलेटर दाबून धरला. वायपर काचेच्या मधेच थांबला. पाय उचलला, पुन्हा चालू झाला. पुन्हा दाबला, पुन्हा मेला.

"चढावर हेच व्हतं. क्षणभर पाय उचलायचा, काच पुसून घ्यायची. यांनी सांगितलं व्हतं तुमाला. तुमी काय म्हणाले? 'चढावर पाय उचलला तर गाडी मंठ्याला न्हाई, तुझ्या दारात येईल, मिस्तरी!' असे हसले व्हते!"

काकासाहेबांचा चेहरा पांढरा पडला. कचरू आतूनच बोलला, "मालक, मी व्हतो तवा. सांगितलं व्हतं मिस्तरींनी."

"बद्रीला मी न्हाई सांगितलं," काकासाहेब पुटपुटले.

मला वाटलं, आता सुटलो. पण ते वळले, आत गेले, कचरूला ढकललं आणि दोन्ही हातांनी स्वतः दांडा आवळला. काहीतरी फुटल्याचा आवाज झाला. यांचे पाय गळाले. हात अडकलेला, अंग खाली लोंबतंय.

पिकअपच्या सीटखालचं लोखंडी हँडल कधी उचललं, आत कधी धावले, मला आठवत नाही. पहिला घाव काकासाहेबांच्या मनगटावर बसला, दुसरा खांद्यावर. ते भिंतीला टेकत खाली बसले. डोक्यावर हातसुद्धा धरला नाही त्यांनी.

"मारा, वैनी," ते म्हणाले. "मारून टाका."

मी हँडल वर नेलं. मला मारायचंच होतं. त्यांच्या टाळूवरचा भोवरा मला स्पष्ट दिसत होता, अगदी बाळाच्या टाळूवर आहे तसा, आणि तरीही मारायचं होतं. कचरू कोपऱ्यात थिजला होता.

"अगं," मागून यांचा आवाज आला, बारीक, चिडलेला. "आधी हात काढ माझा."

हँडल टाकलं. दांडा दोन वेढे सोडला. हात बाहेर आला, मी पदरात धरला. करंगळी आणि तिच्याजवळचं बोट चेचून गेलं होतं. मधल्या बोटातून रक्त येत होतं. यांनी डोळे मिटले, दात आवळले आणि आधी अंगठा वाकवला, मग त्याच्याजवळचं बोट.

"हालतं," हे म्हणाले. "पाना धरता येईल. पोराला घे, किती रडून राह्यलं."