आधी आपण पडायचं

शाळेच्या व्हरांड्यातल्या गाद्यांवर कडूबाई धप्पकन आपटली. उठून पदर खोचत म्हणाली, "पुन्यांदा." चुलीवर खिचडी होती, त्यामुळे तिला घाई होती.

मुलींना ज्युदो शिकवायला राजेश्री मॅडम जिंतूरहून एसटीने येत. पोरी फार हलक्या. सृष्टीला फेकलं तर ती जमिनीवर यायलाच वेळ लावायची. मॅडमना सरावाला जरा वजनाचं काहीतरी हवं होतं. हेडमास्तरांनी आधी तांदळाचं पोतं दिलं. ते फुटलं. मग खिचडी शिजवणारी कडूबाई दिली.

कडूबाई फुटली नाही. हनुवटी छातीला लावून, कोपरं आत घेऊन ती अशी पडायची की मॅडम बघतच राहिल्या. पोरींना हे जमायला महिने लागतात, तुम्ही कुठं शिकलात, असं त्यांनी विचारलं.

"घरी," कडूबाई म्हणाली आणि खिचडी ढवळायला गेली.

घरी म्हणजे नवरा, आदिनाथ. कुठल्याच जत्रेतल्या कुस्तीच्या फडात त्याच्या पाठीला माती लागली नव्हती, आणि हे तो नव्या पाहुण्याला चहाच्या आधी सांगायचा. आता वय झालं, जोडीला कुणी उतरत नव्हतं, म्हणून सराव घरात चालू होता. मीठ कमी पडलं की एक डाव, जास्त पडलं की दुसरा. बेताचं पडलं तर आज मुद्दाम बेताचं टाकलं म्हणून तिसरा. पोळ्याला कडूबाईचा दात पडला तेव्हा शेजारचे दिनकरराव भिंतीवरून डोकावले होते. ते फडाचे पंच. हा घरातला मामला आहे, फडातला नाही, असा निकाल देऊन ते पुन्हा आत गेले.

एके दिवशी मॅडमनी नवा डाव काढला. समोरचा रेटत अंगावर आला की त्याची बाही आणि गळपट्टी धरायची, त्याच्या पायाबाहेर आपला पाय लांब पसरायचा आणि आपणच कुशीवर पडायचं. तो आपल्या जोरानं वरून पलीकडे जातो. डावाला जपानी नाव होतं, ते कुणी लक्षात ठेवलं नाही.

पोरी पडेनात. कुस्तीच्या गावातल्या त्या. "पडल्यावर हारलोच की मॅडम," सृष्टी म्हणाली.

चुलीपासून कडूबाई बोलली, "पडायचंच हाय, तर एकटीनंच कामून पडायचं?"

मॅडमनी तिलाच उभं केलं. पाय बरोबर जायचा, कूस बरोबर टेकायची, पण पडता पडता दोन्ही हात पकड सोडून डोक्यावर यायचे. सवयच तशी. मॅडम ओरडायच्या, हात सोडू नका. कडूबाईनं अखेर हात सोडले नाहीत, तेव्हा डोकं गादीबाहेरच्या फरशीवर आपटलं आणि कपाळावर टेंगूळ आलं.

संध्याकाळी आदिनाथनं ते टेंगूळ पाहिलं आणि विचारात पडला. हे त्याचं नव्हतं. आपल्या हातचं काम माणूस ओळखतो. गावात विचारपूस केल्यावर कळलं की शाळेत एक जिंतूरची बाई त्याच्या बायकोला रोज आपटते, आणि पोरी टाळ्या वाजवतात.

आदिनाथची अब्रू गेली. ज्या घराच्या पाठीला माती लागली नाही, त्या घरची बाई चारचौघांत चीत होते म्हणजे काय? तो कुऱ्हाडीचा दांडा घेऊन अंगणात आला.

"तंगडंच मोडतो तुजं. मग कशी जातीस शाळेत बघू."

पहिला तडाखा मांडीवर बसला, दुसरा कानावर. कान फाटला, रक्त चोळीत उतरलं. कडूबाईचे हात डोक्याकडे निघाले आणि अर्ध्यातून वळले. तिनं बाही धरली, गळपट्टी धरली. आदिनाथ दांडा टाकून रेटतच आला, कारण आयुष्यभर त्याला तेवढंच येत होतं. तिनं पाय पसरला आणि ती पडली.

आदिनाथ तिच्यावरून गेला. कापसाची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा खांद्यात आवाज झाला, आणि बाही खांद्यापासून उसवून निघाली.

भिंतीवरून दिनकरराव डोकावत होते. त्यांचा हात आपोआप वर गेला.

"चीत," ते म्हणाले, आणि मग स्वतःच ओशाळले.

"ती आधी पडली," आदिनाथ खालून कण्हला. "मी न्हाई मानत."

दिनकररावांनी विचार केला. असला पेच फडात कधी आला नव्हता. "ती कुशीवर हाय, आदिनाथ," ते शेवटी म्हणाले. "पाठ तुजी टेकली."

इतकी वर्षं बंद असलेली गल्लीतली दारं तेवढ्यात उघडली. हाड मोडलं होतं, जिंतूरला न्यायला हवं होतं. माणसांनी आदिनाथला उठवून रिक्षाकडे चालवलं. अख्ख्या गल्लीतून जायचं होतं. तो दारात थांबला. मोडका हात पाठीवर जात नव्हता, दुसरा त्याला सावरत होता.

"माती झटक पाठीवरची," तो कडूबाईला हळूच म्हणाला. त्याला हळू बोलताना तिनं पहिल्यांदाच ऐकलं.

ती लंगडत दारापर्यंत आली. एका हातानं तिनं फाटका कान दाबून धरला होता.

"हात मोकळा न्हाई," ती म्हणाली.

दुसऱ्या मुठीत त्याची उसवलेली बाही तशीच होती. पकड सोडायची कधी, हे मॅडमनी अजून शिकवलं नव्हतं.