बाबांवरचा पहारा

चर्चमधली मृतांच्या नावांची पेटी संध्याकाळी सहाला बंद होणार होती आणि लाँड्रीत ताईसमोर अजून अठरा शर्ट पडले होते. पेटीत ज्याचं नाव पडेल त्याच्यासाठी महिनाभर मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, होते. स्वर्गाआधी पापं फेडायच्या जागेतली, शुद्धिस्थानातली त्याची शिक्षा तेवढी हलकी होते. ताईचा यावर पक्का विश्वास, तिथेच तर पंचाईत होती. चिठ्ठीवर तिने आई लिहिली, मावशी लिहिली, जन्मभर भांडलेली घरमालकीणसुद्धा लिहिली. वडील नव्हते. गेल्या वर्षीही नव्हते.

गॅरेजमधून तेलकट हातांनीच भाऊ आला. लग्नानंतर तो बायकोबरोबर प्रोटेस्टंट चर्चमध्ये जायचा. त्याने चिठ्ठी वाचली.

"बाबांचं नाव कुठंय गं?"

"राहिलं."

"त्यांनी मरताना माफी मागितली होती ना?"

"माफी मिळाली असेल. शिक्षा भोगायची राहतेच." ताईने इस्त्री आदळली. पाच वर्षं तिने त्या माणसाचं सगळं अंथरुणात केलं आणि बदल्यात शिव्या खाल्ल्या. माफी मागितली ती फादरांसमोर, देवाची. तिची नाही. "राहू दे त्यांना तिथं. मला घाई नाही."

"तुझी चैन आहे बाई," भाऊ म्हणाला. "आमच्यात ती जागाच नाही. देवाने माफ केलं की सरळ स्वर्ग. माझ्या पाठीवर पट्ट्याचे वळ, आणि म्हातारा तिकडे मजेत!"

दोघं हसली. भावाने पेन उचलून चिठ्ठीच्या तळाशी बाबांचं नाव लिहिलं.

"तुझा तर विश्वास नाही यावर."

"नाही. म्हणून मला सोपं जातं. दमलीस तू, ताई. किती वर्षं पहारा देणार आहेस त्यांच्यावर?"

शर्ट संपवून ती पाय ओढत चर्चमध्ये पोचली तेव्हा सहाला पाच कमी होते. चिठ्ठी फटीत अर्धी गेली आणि हात थांबला. हे लिहिलं भावाने. देवाला काय अक्षर ओळखता येत नाही? तिला संताप आला, बापाचा, भावाचा, स्वतःचाही. चिठ्ठी ओढून काढून तिने कोरा कागद घेतला. आई, मावशी, घरमालकीण भराभर उतरल्या. मग पेन हललंच नाही.

चर्चचा शिपाई किल्ली घेऊन येऊन उभा राहिला. "आणखी कोणी आहे का, बाई?"

"माझे वडील आहेत," ती म्हणाली. "जरा थांबा."