डावी बाही

आमच्या श्टिप गावात शिवणकाम करणारं माणूस नाही असं घर मिळणं कठीण, आणि आख्खा कपडा शिवता येणारं माणूस मिळणं त्याहून कठीण. एक बाई कॉलर लावते, दुसरी खिसे, तिसरी नुसती काजं करते. दुपारी तीनला पाळी सुटते तेव्हा सगळ्यांचं मिळून एक इटालियन जाकीट झालेलं असतं. ते कोणाच्या अंगात गेलं हे आम्हांला कळत नाही आणि आम्ही विचारतही नाही.

तर अशा गावातल्या मुलांना फॅशनची उपजत जाण असणार, असं परदेशातल्या एका संस्थेला वाटलं. खाणकामगारांच्या मुलांना दागिने घडवता येत असणार, असं समजण्यातलाच हा प्रकार. पण संस्थेने पंधरा शिलाई मशिनं दिली, शाळेने उन्हाळ्यापुरता व्यायामाचा हॉल दिला आणि शिकवायला म्हणून मला दिलं. मी वस्त्रोद्योगाचा पदवीधर इंजिनियर. एकोणीस वर्षं खालच्या फॅक्टरीत स्टॉपवॉच घेऊन बायकांच्या पाठीमागे उभा राहायचो आणि कोणत्या शिवणीला किती सेकंद लागायला हवेत ते ठरवायचो. पाच वर्षांपूर्वी फॅक्टरीने ठरवलं की हे काम कॉम्प्युटर करतो. स्टॉपवॉच मात्र कोणी परत मागितलं नाही.

वर्गात सोळा-सतरा वर्षांची पंधरा मुलं होती. काम एकच: आठ आठवड्यांत घरातल्या एका माणसासाठी एक पोशाख डिझाइन करायचा, कापायचा, पूर्ण शिवायचा आणि सत्तावीस ऑगस्टला, मोठ्या सणाच्या आदल्या दिवशी, त्या माणसाला तो घालून स्टेजवर चालवायचं. कार्यक्रमाची व्यवस्था मिरियाना नावाच्या बाईंकडे होती. त्या प्रत्येक वाक्यात दोनदा ‘अहवाल’ म्हणायच्या.

देस्पीनाने आई निवडली. निम्म्या वर्गाने आईच निवडली होती, कारण आई उभी राहायला नाही म्हणत नाही. पण देस्पीनाच्या आईला मी ओळखत होतो. रात्का. बावीस वर्षं डाव्या बाह्या. आमच्या लायनीत डावी बाही एकीकडे आणि उजवी दुसरीकडे चढवायचे. ही माझीच कल्पना, तिच्यामुळे प्रत्येक जाकिटामागे सहा सेकंद वाचायचे.

“आईला हिरवा हवाय,” पहिल्या सोमवारी देस्पीना म्हणाली. “गडद. आणि बाह्या लांब.”

“ऑगस्टात लांब बाह्या? चाळीस डिग्री असतं.”

“तिला चालेल. ती म्हणते, आयुष्यात एक तरी कपडा असा घालायचाय की ज्याच्या दोन्ही बाह्या कोणी लावल्या ते मला माहीत असेल.”

हे मी वहीत ‘ग्राहकाची अपेक्षा’ या रकान्यात लिहून घेतलं.

रात्का त्या उन्हाळ्यात आजारी होती. राजधानीतल्या, स्कोप्येच्या डॉक्टरांनी वसंतातच हात टेकले होते. हे मी सोडून गावातल्या बहुतेक मोठ्यांना माहीत होतं. मला माहीत नव्हतं, कारण मी फॅक्टरीतून बाहेर पडल्यापासून तिथल्या बायकांशी बोलणं टाळत होतो, आणि त्याही माझ्याशी बोलायला तडफडत होत्या असं नाही. देस्पीनाने वर्गात सांगितलं नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांना तिने सांगू दिलं नव्हतं. तिला एवढंच हवं होतं की सत्तावीसला आईने तो ड्रेस घालावा आणि तो तिला बसावा.

माझ्या वर्गाला मी फॅक्टरीची शिस्त लावली होती. मापं एकदाच घ्यायची, फॉर्मवर लिहायची, खाली सही. तिसऱ्या आठवड्यात नमुना तयार झाला की मी तो तपासायचो आणि काखेच्या शिवणीतून दोरा ओवून प्लास्टिकचं छोटं लाल सील लावायचो. सील लागलं की नमुना पक्का. त्यानंतर त्यात कोणी टाका उसवायचा नाही. आमच्याकडे सील तोडणाऱ्या बाईला त्याच दिवशी घरी पाठवायचे. मुलांना हे खऱ्या जगाचं शिक्षण वाटावं, असा माझा हेतू होता.

देस्पीनाच्या फॉर्मवर छाती शहाण्णव, कंबर अठ्ठ्याहत्तर, सीट एकशे दोन. काम नीट होतं, मुंढा, म्हणजे बाही बसते ती गोलाई, सुरेख काढला होता. मी सील लावलं.

चौथ्या आठवड्यात ती ड्रेस हातावर घेऊन आली.

“सर, हा बाजूंनी दोन-दोन सेंटिमीटर आत घ्यायचाय.”

“सील आहे त्याला.”

“मापं बदलली.”

“मापं बदलत नाहीत, पोरी. घेणारा चुकतो.”

“तेव्हा बरोबर घेतली होती.”

“मग आई डाएट करत असेल,” मी म्हणालो. “सांग तिला, सत्तावीसपर्यंत जरा दमानं घे. नंतर हवं तेवढं बारीक हो.”

देस्पीनाने ड्रेसची घडी घातली. “सांगते,” ती म्हणाली.

पुढे ती दर सोमवारी वही आणू लागली. ब्याण्णव. एकोणनव्वद. पंच्याऐंशी. मी दर वेळी लाल पेनने ‘पुन्हा घे’ लिहून परत द्यायचो. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मला वाटलं, यातून सगळ्यांना शिकवण्यासारखं आहे. म्हणून तिचे आकडे मी फळ्यावर मांडले.

“बघा. एकच बाई, एकच टेप, सहा आठवडे. चुकलं कुठे?”

“टेप ओढून धरली,” एकजण म्हणाली.

“श्वास आत घ्यायला लावला.”

“आई बदलून आणली,” मागून कोणीतरी म्हणालं आणि वर्ग हसला. मीही हसलो. विनोद बरा होता.

तमारा नावाची मुलगी देस्पीनाच्या शेजारी बसायची. ती उभी राहिली. “सर, तिच्या आईला...”

देस्पीनाने टेबलाखालून तिला लाथ मारली. टेबल हललं ते मी पाहिलं.

“काय तिच्या आईला?”

“वेळ नसतो,” तमारा म्हणाली आणि खाली बसली.

“शिवणाऱ्याने ग्राहकाची वेळ घेऊन जायचं असतं,” मी म्हणालो. तेही मुलांनी लिहून घेतलं.

वीस ऑगस्टला सकाळी अकरा वाजता ग्राहक स्वतः आला.

हॉलमध्ये पंखे गरगरत होते, मुलं घामाने निथळत होती, आणि दारातून देस्पीनाच्या हाताला धरून एक बाई लोकरीचं स्वेटर घालून आत आली. ही तिची आजी असावी असं मला वाटलं. मी खुर्ची पुढे केली.

“इंजिनियर, ओळखलं नाहीत ना,” ती म्हणाली. “बरं झालं. मीसुद्धा आरशात रोज नव्याने ओळख करून घेते.”

आवाज रात्काचा होता. बाकी फारसं काही तिचं उरलं नव्हतं.

मी काहीतरी बोललो असेन. बहुतेक बसा म्हणालो. ती बसलेलीच होती.

“पोरीने सांगितलं, तुम्ही सील काढू देत नाही.”

“मला माहीत नव्हतं, रात्का.”

“तुम्हांला काय माहीत असायचं. तुम्हांला सेकंद माहीत.” तिने स्वेटरचं बटण काढलं. “घाल गं तो. बघू दे यांना.”

देस्पीनाने हॉलच्या कोपऱ्यात, उंच उडीच्या गाद्यांच्या आडोशाला, तिला ड्रेस घातला. रात्का बाहेर आली. हिरवा रंग तिला शोभला असता. ड्रेस खांद्यांवरून खाली आला होता, आणि गळ्यातून हाडं अशी दिसत होती की मुलांनी एकदम आपापल्या मशिनकडे पाहायला सुरुवात केली. काखेत लाल सील लोंबत होतं.

मी कात्री घेतली.

“नको,” रात्का म्हणाली. “बावीस वर्षांत मी एक सील तोडलं नाही. नमुना बरोबर आहे हो. मुंढा बघा कसा काढलाय पोरीने. मीच मापात नाही.”

“आई,” देस्पीना म्हणाली, “गप्प बस ना जरा.”

“बघा, हे असं बोलते. तुमच्या वर्गात शिकली.”

मी सील कापलं. एवढासा आवाज झाला. एकोणीस वर्षांत मी हजारो सीलं लावली होती. काढलं हे पहिलं.

देस्पीनाने टेप घेतली. छाती एकोणऐंशी. ती मोठ्याने म्हणाली आणि मी लिहून घेतलं. या वेळी ‘पुन्हा घे’ लिहिलं नाही. बाजू आत घ्यायच्या म्हणजे मुंढा लहान होणार, म्हणजे दोन्ही बाह्या उसवून पुन्हा चढवाव्या लागणार. देस्पीनाने तिथेच उसवायला घेतलं. रात्का पुन्हा स्वेटरमध्ये शिरून खुर्चीत बसली. तमाराने तिला चहा आणून दिला. तिने तो प्यायला नाही, दोन्ही हातांत धरून ठेवला.

बाजू शिवून झाल्या तेव्हा रात्का म्हणाली, “डावी मला दे.”

“दोन्ही मी लावायच्या असं ठरलं होतं.”

“ठरलं होतं ते कोणी लावल्या ते माहीत हवं असं. मला माहीत असेल.”

“मग उजवीही तूच लाव.”

“उजवी मला येत नाही,” रात्का म्हणाली. ती विनोद करत नव्हती. “तुझ्या सरांना विचार.”

आम्ही खुर्ची मशिनपाशी सरकवली. तिचा पाय पॅडलवर ठेवावा लागला, पण एकदा ठेवल्यावर त्याला काय करायचं ते ठाऊक होतं. हात थरथरत होते, कापडाला टेकले की थांबत होते. टाचणी तिने एकही लावली नाही. बाहीचा झोल दोन बोटांनी असा आत सरकवत नेला की चुणी पडायला जागाच राहिली नाही. मध्ये तीनदा थांबली, डोळे मिटून. हॉलमध्ये दुसरं कोणतंही मशिन चालू नव्हतं.

दोरा तोडून तिने माझ्याकडे पाहिलं.

“किती झाले, इंजिनियर?”

डाव्या बाहीसाठी मी बावन्न सेकंद ठरवले होते. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार मिनिटं गेली होती.

“बावन्न,” मी म्हणालो.

“अजून येतंय म्हणजे,” ती म्हणाली.

उजवी देस्पीनाने घरी नेऊन लावली. चोवीस तारखेला तिने निरोप पाठवला की ड्रेस झाला, आईला घालून पाहिला, बसतो. पंचवीसला पहाटे रात्का गेली.

आमच्याकडे दुसऱ्याच दिवशी पुरतात. सव्वीसला दुपारी दफनभूमीच्या चॅपलमध्ये उघडी शवपेटी ठेवली होती. मेणबत्त्यांनी आधीच्या उकाड्यात भर घातली होती. फॅक्टरीतल्या बायका जेवणाच्या सुट्टीत आल्या होत्या, निळ्या झग्यांवर दोऱ्यांचे तुकडे तसेच. त्या रांगेने पेटीपाशी जात, वाकत, आणि सरळ होताना त्यांचा हात नकळत कापडावरून फिरे. शिवण पाहत होत्या. त्यांना दोष देता येत नाही.

दारात देस्पीनाची आत्या मृताच्या नावाने शिजवलेले गोड गहू वाटत होती. माझ्या तळहातावर एक चमचा ठेवून ती म्हणाली, “हिरवा रंग. लोक काय म्हणतील. आणि ड्रेस मागून कापूसुद्धा दिला नाही हिने. सगळे कापतात, नाहीतर प्रेताच्या अंगात चढतच नाही. मी कात्री घेऊन उभी, आणि ही म्हणते, कापायचा नाही, बसतो. डोकेदुखी आहे पोरगी.”

“मग?”

“मग काय. बसला.”

मिरियाना बाई काळ्या ब्लाउजमध्ये खांबाशी उभ्या होत्या. त्यांनी मला हळूच बाजूला घेतलं. “वाईट झालं हो. पण अहवालात पंधरा पोशाखांचे फोटो लागतात. आत्ता एखादा काढता आला तर... चेहरा नको, फक्त ड्रेस.”

“चौदा लिहा,” मी म्हणालो.

“चौदा कसं लिहू? मंजुरी पंधराची आहे. एक कुठे गेला म्हणून विचारतील.”

“ग्राहकाला पोचला म्हणून लिहा.”

त्यांनी खरंच तसं लिहिलं. नंतर संस्थेचं पत्र आलं, त्यात या गोष्टीचं खास कौतुक होतं.

मी रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली तेव्हा देस्पीना पेटीच्या डोक्याशी उभी होती. डोळे कोरडे, बोटांना टाचण्या टोचल्याच्या खुणा. मी वाकलो. छातीवर ड्रेस सपाट बसला होता, कुठे सैल नाही, कुठे ताण नाही. डावी बाही अशी होती की पुस्तकात छापावी. मग, सवय ती सवय, मी उजवी पाहिली.

“मागे जरा खेचतेय ना?” देस्पीनाने हळू आवाजात विचारलं.

“नाही.”

“आईला बावन्न म्हणालात तेव्हा असंच तोंड केलं होतं तुम्ही. ती घरी येईपर्यंत हसत होती.”

मागे रांग थांबली होती. मी बाजूला झालो.

उजवी खेचत होती. मुंढ्याच्या मागच्या बाजूला, अर्धा सेंटिमीटर. याहून लहान चुकीसाठी मी एकोणीस वर्षं माल परत पाठवत आलो होतो.