तात्यासाहेबांची उपासमार

आमच्या सासऱ्यांची उपासमार अख्ख्या गावाला पाठ आहे. झेंडावंदन असो, कुणाचा साखरपुडा असो नाहीतर तेराव्याचं जेवण, तात्यासाहेबांना बोलायला उभं केलं की घसा खाकरून सुरू करतात, आम्ही उपाशीपोटी शिकलो. औरंगाबादेला छावणीत पत्र्याच्या एका खोलीत चौघंजण राहायचो. गावाहून एसटीनं डबा यायचा. आला तर जेवायचं, नाय आला तर तांब्याभर पाणी पिऊन लेक्चरला बसायचं. आताच्या पोरांना काय, मोबाईलला बोट लावलं की दारात पिझ्झा. इथं लोक माना डोलावतात. नवी नवरी होते तेव्हा माझ्याबी डोळ्यांत पाणी यायचं. आता कानात बोळे घालावेसे वाटतात.

मी त्यांची थोरली सून, आशा. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा लग्न जमलं. पोरीचं शिक्षण आम्ही पुरं करू, असं तात्यांनी बैठकीत चार माणसांसमोर कबूल केलं होतं. हळद उतरली अन् त्यांना म्हशी आठवल्या. परीक्षेला तू गेल्यावर गोठा कोण बघणार, म्हणाले. गोठा बघता बघता परीक्षा निघून गेली. मी तेव्हा काही बोलले नाय. बोलले नाय म्हणजे विसरले असं नाय.

म्हणून माझ्या प्रणिताच्या बाबतीत मी आधीपासून पदर खोचून होते. बारावीला मार्क चांगले पडले, शेजारच्या पोरीबी शहरात शिकायला चालल्या होत्या, म्हणून तात्यांनी तोंड वाकडं करून का होईना होकार दिला. पोरगी संभाजीनगरला कॉलेजच्या होस्टेलवर राहून बी.एस्सी. करते. तिसरं वर्ष चालू आहे. तिला पुढं शिकायचंय अन् मला तिला पुढं शिकवायचंय. बाकी माझ्या आयुष्यात मागायचं काही उरलेलं नाय.

त्यात हे गेटचं झालं. त्यांच्या कॉलेजचं वाचनालय रात्री नऊपर्यंत उघडं. पण मुलींच्या होस्टेलच्या गेटला सातला कुलूप. पोरांच्या होस्टेलला कुलूपच नाय, त्यांनी कधीबी यावं. पोरींनी अर्ज केले, कुणी वाचले नाहीत. मग एके दिवशी वीसेक पोरी नऊ वाजेपर्यंत वाचत बसल्या, बाहेर आल्या अन् बंद गेटसमोर फरशीवर मांडी घालून पुस्तकं उघडून बसल्या. घोषणा नाय, आरडाओरडा नाय. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला अन् तो फिरत फिरत आमच्या गावच्या ग्रुपवर आला. टाकणारा बन्सी. दहावीला तीनदा आपटलेला माणूस. खाली लिहिलं होतं, तात्यासाहेबांची नात बघा.

तात्यांनी तो चहा पिता पिता बघितला. कप खाली ठेवला अन् म्हणाले, उद्या गाडी काढा, पोरीचं सामान घेऊन यायचं. आमचे हे, म्हणजे बद्रीनाथ, लगेच 'व्हय तात्या' म्हणाले. वडिलांसमोर ह्यांच्या तोंडातून 'व्हय' सोडून दुसरा शब्द निघालेला मी ऐकलेला नाय.

मी म्हणाले, परीक्षा तोंडावर आहे. तात्या म्हणाले, परीक्षा गेली खड्ड्यात. मी म्हणाले, चौऱ्याहत्तरच्या आंदोलनात तुम्हीबी रस्त्यावर बसला होता ना, पाठीवरचा काठीचा वळ अजून पाहुण्यांना दाखवता. त्यावर म्हणाले, ते मराठवाड्यासाठी होतं. अन् आम्ही गडीमाणसं होतो. मग माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच गेटवर बसले होते. बसले असते तर बरं झालं असतं, असं माझ्या मनात आलं.

रात्रभर मी ह्यांच्याशी भांडले. हे भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

सकाळी गाडीपाशी गेले तर चतुराआत्या आधीच येऊन उभ्या. चतुराआत्या म्हणजे तात्यांची धाकटी बहीण. नवरा लवकर गेला, पदरात लेकरू नाय, माहेरी आल्या त्या इथल्याच झाल्या. सकाळी चुलीपाशी, दुपारी शेळ्यांमागं, संध्याकाळी पुन्हा चुलीपाशी. कुणी विचारल्याशिवाय बोलायच्या नाहीत, अन् विचारत कुणी नव्हतं. तात्यांच्या भाषणात मात्र त्यांचा एक वाक्याचा मान होता. आमची बहीण फाट्यावर डबा घेऊन जायची, पण पोरसवदा ती, खेळत बसायची, बस निघून जायची अन् इकडं आमचे फाके. यावर लोक हसायचे. आत्या बायकांमध्ये बसलेल्या असायच्या, त्या पदर सारखा करायच्या.

आज ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या. तात्यांनी विचारलं, तुझं काय काम तिथं. आत्या म्हणाल्या, एवढी वर्षं डबा पाठवला, तो कुठं जात होता ते एकदा बघायचंय. दवाखान्याला त्या दोन-चारदा शहरात गेल्या होत्या, पण कॉलेज त्यांनी कधी बघितलेलं नव्हतं. तात्यांना नकार द्यायला कारण सुचलं नाय. आत्या माझ्याशेजारी मागं बसल्या.

फुलंब्री सोडल्यापासून तात्यांच्या तोंडाचा पट्टा चालू झाला. रस्त्यानं क्लासच्या पाट्या दिसल्या की क्लासला शिव्या, तोंडाला स्कार्फ बांधून स्कूटीवर चाललेल्या पोरी दिसल्या की पोरींना शिव्या. हर्सूलला चहाच्या हॉटेलात पोरं-पोरी एकाच टेबलावर पुस्तकं मांडून बसलेली दिसली तर म्हणाले, बघा, ह्याला म्हणे अभ्यास. आमच्या वेळी वर्गात चार मुली होत्या, तीन वर्षांत त्यांची नावं आम्हाला ठाऊक झाली नाहीत. मी मनात म्हटलं, त्यात छाती फुगवण्यासारखं काय आहे?

होस्टेलवर प्रणिता गेटपाशीच उभी होती. मी फोनवर सांगून ठेवलं होतं. रडेल असं वाटलं होतं, पण नाय रडली. दात आवळून उभी होती. तात्यांना वाकून नमस्कार केला अन् म्हणाली, "आजोबा, गेटच्या आत यायला मिळावं म्हणून बसलो होतो. पळून जायला नाय."  तात्या ह्यांना म्हणाले, पेटी उचल. पेटी, वळकटी, पुस्तकांची दोन पोती गाडीत चढली. वॉर्डनबाईंनी सही घेतली अन् बरंच झालं अशा तोंडानं आत गेल्या.  पोरीच्या मैत्रिणी वरच्या खिडक्यांतून बघत होत्या, एकीनंबी हात हलवला नाय.

तेवढ्यावर तात्यांचं समाधान झालं नाय. म्हणाले, आलोच आहोत तर माझ्या कॉलेजवरून गाडी घे. शिक्षण कशाशी खातात ते पोरीला कळू दे.

जुन्या कॉलेजच्या आवारात लिंबाखाली गाडी लावली. तात्या खाली उतरले, धोतराचा सोगा सावरला अन् तिथंच सुरू झाले. ही इमारत, हा वर्ग, ह्या पायऱ्यांवर आम्ही डब्याची वाट बघत बसायचो. बसस्टँडवरून कुणी रिकाम्या हातानं परत आला की समजायचं, आज पाणी. उपाशी बसून पहिल्या वर्गात पास झालो. आवाज मोठा होता म्हणून पाच-सात पोरं थांबली, एकानं मोबाईल वर धरला. मग तर तात्यांना चेवच आला. आत्यांच्या खांद्यावर हात ठेवून पोरांना म्हणाले, "हीच ती, बस चुकवणारी. काय गं चतुरा, चिंचा पाडत बसायचीस ना फाट्यावर?"

पोरं हसली. आत्या लिंबाकडं, पायऱ्यांकडं बघत होत्या. मग त्यांनी खांद्यावरचा हात खाली केला.

"बस कधीच चुकली नाय, दादा."

तात्यांना नीट ऐकू आलं नसावं. म्हणाले, काय?

"बस चुकायची नाय. फाट्यावर बाभळीखाली बसून मी डबा सोडायचे अन् खायचे. पोटभर. बस यायची, कमरोद्दीन ड्रायवर हॉर्न वाजवायचा, मी हातानंच 'जा' म्हणायचे."

मोबाईल धरलेल्या पोरानं तो खाली घेतला.  तात्यांनी हळूच विचारलं, का म्हणून.

आत्यांचा आवाज चढला नाय, चुलीपुढं बोलतात तसाच होता. "सातवीत होते मी. शाळा दहाला भरायची अन् बस साडेदहाची. आई म्हणली, डब्याला गडी लावू. तू म्हणलास, गडी कशाला, चतुरा हाय की. तिला शिकून कुठं कलेक्टर व्हायचंय. दुसऱ्या दिवशी माझं दप्तर माळ्यावर गेलं. शाळेपुढूनच फाट्याची वाट. ज्या दिवशी आत कविता चाललेली असायची ना, त्या दिवशी माझ्यानं डबा पोचवणं व्हायचं नाय."

तात्या म्हणाले, "मी इथं उपाशी मरत होतो, चतुरा."

"व्हय. माहीत होतं मला," आत्या म्हणाल्या. "तू माझी शाळा खाल्ली, मी तुझा डबा खाल्ला. तुझं-माझं फिटलं. पण या पोरीनं तुझा कुठला डबा खाल्लाय?"

 तात्यांच्या मानेची शीर उडत होती. त्यांना मी इतक्या वर्षांत कितीदा तरी रागावलेलं बघितलं, पण शब्द सापडत नाहीत असं पहिल्यांदाच बघितलं. खरं सांगते, मला दया आली नाय. मला हसू येत होतं अन् मी ते पदरानं दाबून धरलं होतं. त्या काळी ही बाई तेरा वर्षांची होती. भाकरीला लावलेलं तूप घरात भावाच्या वाट्याचं, शाळा भावाच्या वाट्याची, अन् वरून जन्मभर गावानं हसायचं तेबी हिलाच.

तात्या गाडीत जाऊन बसले. समोर बघत म्हणाले, "बद्री, गाडी काढ. गावाकडं."

मी ह्यांच्याकडं बघितलं. 'व्हय' आलं नाय. हे गाडीत बसले, चावी फिरवली, आवाराबाहेर निघाले अन् गाडी होस्टेलच्या रस्त्याला लावली. तात्या म्हणाले, हा रस्ता नाय. ह्यांनी गिअर बदलला अन् गाडी तशीच पुढं नेली.  लग्नानंतर एवढा चांगला मला हा माणूस कधी वाटला नव्हता.

होस्टेलला पोचलो तर वॉर्डनबाई म्हणाल्या, आता खोली देता यायची नाय, सही झालीय. मी म्हटलं, सही आमच्या म्हाताऱ्यांची होती, पोरगी माझी आहे. खोली अजून झाडलीबी नसेल. त्यांनी बराच घोळ घातला. वरून पोरी खाली आल्या अन् पेटीभोवती उभ्या राहिल्या. पेटी आत गेली तेव्हाच मी हलले.

निघताना प्रणितानं आत्यांना गेटवर धरलं अन् विचारलं, आजी, डब्यात असायचं काय? आत्या जरा लाजल्या. तुपाची भाकर, म्हणाल्या, अन् दाण्याची चटणी. कधी गुळाची पोळी. लई गोड लागायची.



त्याला आता वर्ष होत आलं. प्रणिता पास झाली, आता एम.एस्सी.ला तिथंच आहे. गेटचं कुलूप साडेनवावर आलंय, त्यासाठी पोरींना आणखी दोनदा बसावं लागलं. बन्सीनं तेबी ग्रुपवर टाकलं, पण आमच्याकडं त्यावरून कुणी कप खाली ठेवला नाय. तात्या बहिणीशी बोलत नाहीत. मला तर बघितलं की तोंड फिरवतात. सव्वीस जानेवारीला शाळेत त्यांना बोलायला उभं केलं. आत्या पुढच्या रांगेत बसल्या होत्या, तेच ठेवणीतलं लुगडं. तात्यांनी घसा खाकरला, आम्ही, म्हणाले, अन् थांबले. मग यंदाच्या थंडीवर चार वाक्यं बोलून खाली बसले. लोकांना वाटलं, वय झालं.

घरात मी एक गोष्ट बदलली. आधी गडीमाणसांची पंगत अन् मग आम्ही, ही पद्धत बंद केली. चुलीवरून उतरलेली पहिली गरम भाकरी, वर तूप, ती आत्यांच्या ताटात. त्या आधी नको नको म्हणायच्या, आता म्हणत नाहीत. परवा तात्या ओट्यावरून ओरडले, अजून ताट का नाय आलं, भुकेनं जीव चाललाय.

मी आतूनच सांगितलं, "आत्या जेवतायत. थांबा जरा. तुम्हाला सवय आहे."