मायाक्काचा होन

तुम्हाला म्हणून सांगते, जुन्या नाण्यांइतकी छळवादी सवत कुणाच्या वाट्याला येऊ नये. सारं सोलापूर ज्यांना चनमल्लप्पा सराफ म्हणतं, ते आमचे मालक. माणूस देवगुणी. पत्ते नाहीत, तमाशा नाही. पण सोन्याचं जुनं नाणं दिसलं की भरल्या ताटावरून उठायचे. एकदा भिंग डोळ्याला लावलं की घराला आग लागली तरी म्हणतील, "थांब गं नीलव्वा, अक्षर लागतंय." वीस वर्षं असं करून एक पत्र्याची पेटी भरली होती. होन, मोहरा, पुतळ्या. मला मेली सगळी पिवळी बटणंच.

आता ती पेटी जायची वेळ आली होती. गेल्या दसऱ्याच्या आधी तिकडे विलायतेत काहीतरी उलथापालथ झाली आणि इकडे सोनं पेटलं. बावीस रुपयांचा तोळा अठ्ठावीसवर गेला. लोकांनी काय काय आणून विकलं म्हणता! आजीच्या पुतळ्या, बाळाची वाळी, देवाचे डोळे. सराफ कट्ट्यावर मुशी थंड होईनात. सगळं वितळायचं, लगड व्हायची आणि मुंबईहून बोटीनं जायचं. आणि जुन्या नाण्यांचे ते हौशी गिऱ्हाईक? एका होनाला सोन्याच्या चौपट पैसे टाकणारे आता स्वतःचीच नाणी विकायला निघाले होते. मुंबईच्या दलालानं तर मालकांची नाणी जशीच्या तशी परत पाठवली. सध्या कुणी विचारत नाही म्हणे.

माझे दीर महादेवप्पा दुकानात निम्मे भागीदार. त्यांनी तोडून सांगितलं, "अण्णा, उद्या भाव कोसळला तर रडायलाही जागा नाही. शनिवारच्या गाडीनं माल जातोय, त्यात पेटीतलं सोनं गेलंच पाहिजे. निम्मं माझं आहे." त्यांचं काय चुकलं? मीही दसऱ्यापासून तेच कानीकपाळी ओरडत होते. सोन्याची सुरी झाली म्हणून काय उरी मारून घ्यायची? मालक पेटी पुसून परत जागेवर ठेवायचे. पण त्यांचं अन्न तुटलं होतं, ताट तसंच परत यायचं.

एकच आशा होती. पुण्याचे एक निवृत्त इंजिनियर, सगळे त्यांना रावसाहेब म्हणायचे, नाण्यांचे मोठे संग्राहक. महिन्यापूर्वी ते येऊन पेटी बघून गेले होते. बघता बघता त्यांची नजर बाजूला ठेवलेल्या खणाच्या कापडाच्या पिशवीवर गेली. मालकांनी हौसेनं त्यातला होन दाखवला. रावसाहेब खुर्चीतून उठलेच! म्हणाले, "चनमल्लप्पा, हा होन त्यात घालत असाल तर अख्खी पेटी घेतो, सोन्याहून वर भाव देतो आणि एकही नाणं मोडणार नाही. हा नसेल तर बाकीची माझ्याकडे आहेतच."

आता गोम अशी, की तो होन आमचा नव्हताच. तो मायाक्काचा. मंगळवेढ्याकडची धनगरीण. त्या होनावर शंकरपार्वती मांडी घालून बसलेले आहेत. ती त्यांना खंडोबा-म्हाळसा म्हणते. दिवाळी झाली की तिची माणसं मेंढरं घेऊन लांब मुलखात उतरतात, वाटेत चोरांचं भय, म्हणून ती देव आमच्याकडे ठेवून जाते. पावसाच्या तोंडी येते, घेऊन जाते. ना पावती, ना व्याज.

पाऊस तोंडावर आला होता, आणि रावसाहेब शुक्रवारी सकाळी येणार होते. त्या दिवशी मालक स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "जरा हळद दे."

"कुठं लागलं?" मी घाबरले.

"लागलं नाही. दे."

मी हळद दिली आणि मागोमाग दुकानाच्या दारापर्यंत गेले. गादीवर दोन होन. दोन्हींवर तीच जोडी, तेवढंच वजन, फरक काय तो मागच्या अक्षरांत. एक मायाक्काचा, त्याच्या खाचांत वर्षानुवर्षांचा भंडारा बसलेला असायचा, तो मालकांनी धुऊन लख्ख केला होता. दुसरा आमच्या पेटीतला साधा, आणि त्याच्या खाचांत ते बोटानं हळद भरत होते. अय्यो शिवा!

"अहो, देव आहे तो तिचा!"

"गुंजभरही कमी देत नाही मी तिला," मालक मान वर न करता म्हणाले. "वजनाला वजन, सोन्याला सोनं. सराफाच्या धंद्यात याला चोरी म्हणत नाहीत. तिला जोडी पुजायची, ती मिळतेय. एवढ्यानं वीस वर्षं वाचतात, नीलव्वा."

त्यांचा आवाज फाटला. एरवी मी गप्प बसणारी का? पण बसले. दाराच्या आड उभी राहून एकच जप करत होते: आज मायाक्का येऊ नको गं बाई, आज नको.

रावसाहेब आले, भिंग काढलं, होन तळहातावर घेतला आणि अगदी लहान पोरासारखे हसले. मालकही हसले, किती दिवसांनी! आणि तेवढ्यात पायरीशी काठी वाजली.

"मालक, देव द्या आमचा. मेंढरं आली माघारी."

मालकांनी रावसाहेबांच्या हाताकडे बघितलंही नाही. पिशवी उचलली आणि मायाक्काच्या ओंजळीत ठेवली. तिनं ती कपाळाला लावली आणि कनवटीला खोचायला लागली.

"मायाक्का," मी आडूनच बोलले, "उघडून बघ तरी गं." म्हटलं, हिला कळू दे. हिनंच बोंब मारू दे, ती पाळी माझ्यावर नको.

"म्या काय बगू, आक्का?" ती म्हणाली. "चनमल्लप्पा मालकांच्या हातनं घेतलाय की. देवाला तपासत्यात व्हय?" मग तिनं चिमूटभर भंडारा काढला आणि मालकांच्या कपाळाला लावला. "तुमच्या घरात माझा देव लई सुकी हाय बगा."

ती पायरी उतरली. आता बोलतील, आता बोलतील म्हणून मी बघत होते. ते बोलले नाहीत. आणि माझा संताप असा उसळला की बस्! गादीपुढं बाईमाणसानं यायचं नसतं. मी तरातरा आले, डोक्यावर पदरही धड नव्हता, आणि रावसाहेबांपुढं हात पसरला.

"तो होन द्या इकडं."

त्यांनी दिला. काय करतील बिचारे!

"थांब गं मायाक्का! पिशवीत चुकून दुसराच पडलाय. धुवायला काढला होता, अदलाबदल झाली." मालकांचं नाव वाचवायला मी धडधडीत खोटं बोलले, त्याचं मला काही वाटत नाही.

"व्हय? बरं झालं की," असं म्हणून मायाक्कानं मुकाट्यानं होन बदलून घेतला आणि ती गेली.

रावसाहेब समजायचं ते समजले. चष्मा पुसत उठले, मला नमस्कार केला आणि दुपारच्या गाडीनं पुण्याला परत गेले. पेटीचं नावही काढलं नाही.

संध्याकाळी येडू मुशीवाल्यानं कोळसे फुलवले. महादेवप्पांनी पेटी ओतली. मालक शेजारी उभे होते, कपाळावर अजून भंडारा तसाच. मी म्हटलं होतं ना, वितळवा एकदाची? ती बटणं एकेक करून मऊ होताना बघून मीच हमसून रडले. ते रडले नाहीत. मला एका शब्दानं बोललेही नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते.

सोमवारी दुकान उघडलं. बार्शीकडचा एक शेतकरी आला आणि त्यानं एक मोहर पुढं ठेवली. किती सुरेख अक्षरं होती तिच्यावर, मलासुद्धा दारातून दिसत होती. मालकांनी ती उचलली आणि सरळ तागडीत टाकली.

माझ्यानं राहवेना. "अहो, भिंग तरी घ्या! कुणाचं आहे ते बघा तरी."

"सोन्याचं आहे," ते म्हणाले, आणि वजन करू लागले.