नट सैल कर, पोरी

मी बोलतोय तो लाकडाच्या वखारीमागच्या शेडमधून. एका सिलेंडरचं डिझेल इंजिन आहे मी. इथं आणताना सहा माणसांना घाम फोडला होता मी, आजही चटकन हलणार नाही!

आमच्या खानदानात वाफेची इंजिनं थोरली. त्यांची चूल बाहेर, बॉयलरखाली. आमच्या पिढीनं विस्तव थेट पोटात घेतला. पेट्रोलवाल्या चुलतभावांना पेटायला ठिणगी लागते, मला तीही नको. हवा आत ओढायची, दाबून दाबून इतकी तापवायची की डिझेलचा फवारा पडताच भडका! मग धूर बाहेर, की पुन्हा पहिल्यापासून. चाळीस वर्षं हेच केलं, पण कंटाळा म्हणून आला नाही.

मालक मला स्वतःच सुरू करायचे. आधी डोक्यावर तळवा ठेवून म्हणायचे, "उठा राव, उजाडलं!" मग हँडल फिरवायचे. मी दोनदा खोकायचो आणि धडधडायला लागायचो. माझ्या पट्ट्यावर करवत फिरायची.

पुढे विजेची मोटर आली. लाडोबा नुसती! बटण दाबलं की गुणगुणते. तरी मालकांनी मला विकलं नाही. दर रविवारी घटकाभर चालवायचेच.

तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. वाचा गेली. ते शेडला लागून असलेल्या खोलीत पडून असतात. त्यांना ऐकू जावं म्हणून रविवारी मुलगी मला चालवते. पण गेल्या खेपेला तिनं टाकीत डोकावलंच नाही. डिझेल संपलं, नळीत हवा शिरली. आज टाकी भरलीय, पण ती हवा डिझेलला पुढे सरकू देत नाही.

सकाळपासून बिचारी हँडल मारतेय. शेवटी घाम पुसत म्हणाली, "आई, गेलं गं हे. उद्या येऊ दे भंगारवाल्याचा टेम्पो."

"आणि यांचं काय करू?" खोलीतून आई म्हणाली. "मघापासून नुसती दोन बोटं फिरवतायत. पाणी दिलं, नको. उशी सरळ केली, तेही नको."

अहो, ते नट सैल करतायत! नळीत हवा धरली की पंपाजवळचा नट ते अस्साच फिरवायचे. बुडबुडे निघून गेले, नुसतं डिझेल यायला लागलं की परत आवळायचे.

पोरी, ते हँडल ठेव खाली. बाबांच्या बोटांकडे एकदा नीट बघ गं. भंगारात जायला माझी ना नाही. पण त्यांची फार आठवण येते. आयुष्यभर त्यांनी मला उठवलं, आज एकदा मला त्यांना म्हणू दे, उठा राव, उजाडलं!